कपाटाची चव

बबडीने बीअर बनवायचा उद्योग काढला तेव्हा घरात कुणी फारसा विरोध केला नाही, कारण त्याआधी ती दातांच्या कवळ्या बनवायची. काकू म्हणाल्या, "कवळीपेक्षा बीअर बरी. निदान एकदा तोंडात गेली की परत बाहेर तरी येत नाही." त्यावर बबडीचा नवरा "येते कधीकधी" असं हळूच म्हणाला, पण तो जावई असल्यामुळे त्याचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही.

बबडी ही काकांच्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ-वहिनी लवकर गेले आणि काका-काकूंनीच तिला वाढवली. काकांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि राहिले मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. माणूस सरळ, शब्दांचा कंजूस. "वर", "खाली" आणि "दार नीट लावा" एवढ्यावर त्यांची सगळी नोकरी निभली होती. बीअर त्यांनी कधी प्यायली नव्हती. त्यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं, त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

बबडीने आणि जावयाने एक बंद पडलेली लाँड्री भाड्याने घेतली होती. मागच्या बाजूला स्टीलच्या दोन टाक्या, पुढे चार टेबलं, आणि भिंतीवर लाँड्रीच्या काळातली पाटी तशीच: "डाग जाईलच याची हमी नाही." जुनी गिऱ्हाइकं अजून मधूनच येऊन आपला कोट मागायची. जावई त्यांना बसवून घ्यायचा आणि एक ग्लास हातात द्यायचा. बरेच जण कोट विसरून जायचे.

तर एका रविवारी दुपारी नव्या तपकिरी बीअरची चव घ्यायला एक मोठे गृहस्थ येणार होते. ते एका साप्ताहिकात खाण्यापिण्यावर लिहीत. त्यांच्या लिहिण्याने दुकानं चालत आणि बंदही पडत. लोक त्यांना पाठीमागे जीभराव म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं, उलट आवडायचंच. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून बबडीने काका-काकूंनाही बोलावलं. काकूंचे गुडघे बोलत होते म्हणून त्या घरीच राहिल्या. काका इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला बसावं तसे कडेच्या खुर्चीत येऊन बसले.

जीभरावांनी ग्लास उजेडाकडे धरला. नाक खुपसलं. एक घोट घेऊन तो गालात या बाजूचा त्या बाजूला नेला आणि डोळे मिटले.

"आधी भाजलेला पाव," ते म्हणाले. "मग संत्र्याची साल. आणि शेवटी..."

सगळे थांबले.

"शेवटी काहीतरी आहे."

"काय?" बबडीने विचारलं.

"तेच येत नाहीये. जिभेवर आहे, नाव येत नाहीये." ते पुन्हा घोट घेऊन डोळे मिटून बसले. इतका वेळ बसले की जावयाला वाटलं, झोप लागली. त्याने पंखा कमी केला.

काय करावं हे न कळून काकांनी समोरचा ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. तोंड पुसलं.

"कपाट," ते म्हणाले.

"काय?" जीभरावांनी डोळे उघडले.

"कपाट. लाकडी. दार उघडल्याबरोबर आतून वास येतो ना, तो."

"काका, बीअरला असं नाही म्हणत," बबडी घाईघाईने म्हणाली.

पण जीभरावांनी हात वर केला. पुन्हा एक घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "कपाट," ते पुटपुटले. "कपाटच आहे. कुणाचं?"

"आमच्याकडचं असेल. आईचं," काका म्हणाले.

"मला ते हुंगायला लागेल."

"या ना घरी. जवळच आहे."

"घरी नाही चालणार," जीभराव म्हणाले. "घरात घराचा वास असतो. त्यातून कपाट वेगळं कसं काढणार? कपाट इथे आलं पाहिजे. हे बघा साहेब, मी 'संत्र्याची साल' लिहितो तेव्हा संत्रं सोलून लिहितो. एकदा मला 'भिजलेला कुत्रा' असं लिहायचं होतं. मी कुत्रा भिजवला. दोनदा. पहिल्या वेळी तो नीट भिजला नव्हता."

यावर काय बोलणार? बबडीचं सगळं त्या लेखावर अवलंबून होतं. कपाटच काय, त्यांनी अख्खी इमारत आणा म्हटलं असतं तरी ती जावयाला दोर आणायला पाठवती. शिवाय काकांना मनातून बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या एका शब्दावर एवढी धावपळ चालली होती.

काकू पलंगावर पाय पसरून गुडघ्यांना तेल लावत होत्या. चौघं जण घरात शिरले आणि काकांनी कपाटातले कपडे काढून पलंगावर टाकायला सुरुवात केली.

"अहो, हे काय? कपाट कुठे चाललं?"

"बबडीकडे. बीअरसाठी."

"कपाट बीअर पितं?"

"नाही गं. बीअरमध्ये कपाट लागतंय."

काकू जीभरावांकडे बघायला लागल्या. जीभराव आदबीने वाकून म्हणाले, "संध्याकाळी परत आणून देऊ." काकूंनी कपड्यांच्या ढिगावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जे काय करायचं ते करा, पण माझ्या घड्या मोडू नका." तोवर मोडल्या होत्या.

या कपाटामागे एक भानगड होती, ती सांगायला हवी. काकांच्या आई-वडिलांच्या घरी जोडीची दोन कपाटं होती, एकाच सुताराने एकाच झाडाची केलेली. एक आईचं, एक बाबांचं. दोघंही गेल्यावर घर रिकामं करायची वेळ आली, तेव्हा काकांच्या धाकट्या बहिणीला आईचं कपाट हवं होतं. काकांनी हातात टेप घेऊन चार लोकांसमोर सांगितलं, "तुझ्या दारातून मावायचं नाही." आणि ते स्वतः घेऊन आले. बहिणीने बाबांचं नेलं. ते थोडं अरुंद होतं. त्या दिवसापासून बहीण-भावांचं बोलणं बंद. काका तिचं नाव काढत नसत आणि त्यांच्यासमोर दुसरंही कुणी काढत नसे.

तर कपाट निघालं. वरचं टोक काकांनी धरलं, खालचं जावयाने. "जावईबापू, तुम्ही राहू द्या," असं काका म्हणाले आणि जड बाजू त्याच्या हातात दिली. बबडी पुढे होती. तिच्याही पुढे जीभराव आपला ग्लास सांभाळत उतरत होते.

"डावीकडे," काका सांगत होते. "अजून. आता खाली. खाली म्हटलं की खाली!"

तिसऱ्याचा दुसरा मजला झाला. दुसऱ्याच्या खाली जिना वळतो, तिथे कपाट एकदा कुरकुरलं, थोडं तिरकं झालं आणि थांबलं. ते खाली जाईना की वर येईना. एक कोपरा भिंतीत रुतला, दुसरा रेलिंगमध्ये. वरच्या बाजूला काका राहिले आणि खालच्या बाजूला बाकीचे. मधे छताखाली एक हात जाईल एवढी फट उरली.

जावई तरीही कपाट धरून उभा होता. "सोडू का?" त्याने विचारलं.

"सोडून बघ," बबडी म्हणाली.

त्याने सोडलं. कपाट तसूभर हललं नाही. तरी सासरच्या वस्तूला एकदम सोडणं बरं दिसणार नाही म्हणून त्याने एक हात टेकवून ठेवला.

"पण मग हे वर गेलं कसं होतं?" जीभरावांनी विचारलं.

वरच्या बाजूला काकांनी रेलिंग चाचपलं. मग काका म्हणाले, "तेव्हा रेलिंग नव्हतं."

"मग रेलिंग कुणी लावलं?"

"सोसायटीने." त्यांनी रेलिंगवरचा हात काढला. "मीच लावायला लावलं. सुरक्षेसाठी."

एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडून गणिताच्या बाई बाहेर आल्या. खांद्याला पर्स, केस कापायला निघाल्या होत्या. त्यांनी कपाट पाहिलं, जिना पाहिला आणि एक डोळा मिटून म्हणाल्या, "कर्ण जास्त झाला."

"हो ना," काका म्हणाले.

"मग मी जाऊ कशी?"

त्यांचे यजमान तेव्हाच बाहेरून आइस्क्रीमचा डबा घेऊन जिना चढत आले आणि कपाटाच्या खालच्या बाजूला येऊन थांबले. "अगं, हे काय?" ते ओरडले. "कपाट," बाई वरून म्हणाल्या. ते खालच्या पायरीवर बसले आणि डब्याकडे काळजीने बघू लागले.

जीभरावांना मात्र कशाचीच घाई नव्हती. "जिन्याला तसा काही वास नसतो," ते म्हणाले. "इथेही चालेल."

जावयाला लाँड्रीत पिटाळलं. तो छोटं पिंप आणि ग्लास घेऊन आला. दोन ग्लास फटीतून वर गेले, एक काकांना, एक बाईंना. "मी घेत नाही," बाई म्हणाल्या, आणि मग, "थोडीच." यजमानांनी आइस्क्रीम वितळून जाण्याआधी डबा उघडला. अशा रीतीने चवीचा कार्यक्रम पुन्हा सुरू झाला.

कपाटाचं एक दार खालच्या बाजूला होतं आणि ते अर्धं उघडत होतं. जीभरावांनी त्यात डोकं घातलं. दीर्घ श्वास घेतला. डोकं बाहेर काढून एक घोट घेतला. पुन्हा आत गेले. असं बराच वेळ चाललं.

"नाही," शेवटी ते म्हणाले.

"काय नाही?" काका वरून.

"जवळचं आहे, पण हे नव्हे. घराणं तेच आहे. पण सख्खं नाही, चुलत आहे."

काकांना राग आला. कुणी लिफ्टबद्दल बोललं असतं तरी इतका आला नसता. त्यांनी कपाटाच्या मागची एक सैल फळी खेचून काढली आणि आपलं नाक आत घातलं. आत अंधारात समोर जीभरावांचं नाक होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि श्वास घेतला. काकांनी नाक बाहेर काढलं, घोट घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"खरंय," ते म्हणाले. "हे नाही. पण मग कुठलं?"

काकूंना हाक मारली. त्या एकेका पायरीला एकेक शिवी घालत दोन जिने उतरल्या. शिव्या गुडघ्यांना होत्या, पण काकांकडे बघून दिल्या. बाईंच्या शेजारी टेकल्या, काकांच्या हातातला ग्लास घेतला, एक घोट घेतला आणि परत दिला.

"वन्संचं कपाट आहे हे," त्या म्हणाल्या.

'वन्सं' हा शब्द त्या इमारतीत कित्येक वर्षांत कुणी उच्चारला नव्हता.

"सासऱ्यांचं," काकू पुढे म्हणाल्या. "त्यांचे कोट मीच ब्रश करून ठेवायचे. खाली बुटांचं पॉलिश. आणि कसर लागू नये म्हणून वाळवलेल्या संत्र्याच्या साली."

"संत्र्याची साल!" खालून जीभराव ओरडले. "मी म्हटलं होतं! सगळ्यांसमोर म्हटलं होतं!"

"पण त्या घरातलं कपाट बबडीच्या बीअरमध्ये कसं जाईल?" काकांनी विचारलं.

खालच्या बाजूला जावई एकदम पिंपाचा नळ पुसायला लागला. काकांना फटीतून फक्त बबडीच्या डोक्याचा वरचा भाग दिसत होता, तोही हळूहळू खाली जायला लागला.

"बबडे."

"हं."

"कसं गेलं?"

"यीस्ट," ती म्हणाली. "बीअरला यीस्ट लागतं, काका. मी विकतचं नाही आणत, बरणीत स्वतः वाढवते. त्याला अंधार हवा, थोडी ऊब हवी, आणि कुणी सारखं उघडून बघता कामा नये. आमच्या घरी हे उघडतात."

"एकदाच उघडली," जावई म्हणाला.

"म्हणून आत्याच्या कपाटात ठेवली होती. कोटांच्या मागे."

"तू तिच्याकडे जातेस?"

"दर शनिवारी."

"कधीपासून?"

"लहानपणापासूनच, काका. जायचं थांबवलंच नाही कधी."

मग जावयाचा आवाज आला, "मीही जातो. म्हणजे, बरण्या जड असतात."

काका काकूंकडे वळले. काकूंनी पदर सारखा केला. "मी काही जात नाही हं," त्या म्हणाल्या. "गुडघे आहेत का माझे तसे? फोन करते आपली. रोज नाही. दुपारी तुम्ही झोपलात की."

"बाई, तुम्ही?" काकांनी विचारलं. ते उपरोधाने विचारत होते.

"मला पोहायला त्यांनीच शिकवलं," बाई म्हणाल्या. "चांगल्या आहेत हो. ओरडतात फार, पण चांगल्या आहेत."

काका पायरीवर खाली बसले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की सगळं घर त्यांच्या बाजूने अबोला धरून बसलंय. आणि इथे तर अबोल्याचा सगळा भार ते एकटेच वाहत होते. बाकीच्यांनी आपापलं टोक केव्हाच खाली ठेवलं होतं. एवढं त्यांना नेमकं शब्दांत सुचलं असं नाही. ते फक्त म्हणाले, "मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" काकू म्हणाल्या.

हा कौटुंबिक प्रश्न आहे हे जीभरावांच्या लक्षात आलं होतं, पण त्यांचा त्याहून मोठा प्रश्न बाकी होता. "त्या कपाटवाल्या बाईंना बोलावता येईल का?" त्यांनी विचारलं.

बबडीने फटीकडे बघितलं. वरून उत्तर आलं नाही. त्यांच्या घरात याला होकार समजतात. तिने फोन लावला. "आत्या, काकाने आजीचं कपाट काढलंय आणि ते जिन्यात अडकलंय." पलीकडून हसण्याचा आवाज आला, तो वरपर्यंत ऐकू गेला. बराच वेळ येत राहिला. मग आत्या म्हणाली, "थांबा. आले."

ती टॅक्सीने आली. बुटकी, काटक, जाड चष्म्याची. तरण तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला बोलायची सवय असल्याने साधं "सरका" म्हणाली तरी यजमान आइस्क्रीमसकट भिंतीला चिकटले. तिच्या काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"ड्रॉवर आणलाय," ती म्हणाली. "अख्खं कपाट मी आणत नसते. मला जिने कळतात."

जीभरावांनी चादर उलगडली. ड्रॉवरमध्ये बुटाचा एक ब्रश होता आणि कोपऱ्यात काळी पडलेली साल. त्यांनी दोन्ही हातांनी ड्रॉवर तोंडासमोर धरला, लहान मूल धरावं तसा. हुंगला. घोट घेतला. पुन्हा हुंगला. मग तिथेच पायरीवर बसले आणि खिशातून रुमाल काढला.

"हेच," ते म्हणाले. जावयाने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

आत्याचं लक्ष तिकडे नव्हतं. ती वाकून कपाटाच्या अर्धवट उघड्या दारातून आत बघत होती. आत, निघालेल्या फळीच्या जागी, उजेडाचा एक चौकोन होता आणि त्या चौकोनात काकांचा चेहरा.

"दादा."

"हं."

"जाड झालास."

"तू बुटकी झालीस."

"मी वाकलेय, गाढवा." ती गुडघ्यांवर बसली. "मावतंय का जिन्यातून?"

काकांनी खोकल्यासारखं केलं. "तुझ्या दाराचं माप मी घेतलं होतं, चिमे. दोनदा. खरंच मावत नव्हतं."

"मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"माझं दार मला माहीत नसेल? तू नुसतं 'घे' म्हणायचं होतंस. मग मी म्हटलं असतं, नको रे दादा, मावायचं नाही. झालं असतं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग सांगायचं नाही का?"

"मी सांगितल्यावर तू 'घे' म्हणण्याला काय अर्थ?"

काका विचार करत राहिले. वर बाई आणि काकू, खाली बाकीचे, सगळे श्वास रोखून बसले होते. फक्त यजमानांचा चमचा डब्यात वाजत होता.

"घे," काका म्हणाले.

"काय?"

"कपाट. घे तू."

आत्याने चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. "आता घ्यावंच लागेल मेलं," ती म्हणाली. "बाईंना केस कापायला जायचंय."

पण घेणार कसं? कपाट हलतच नव्हतं. काकांनी रेलिंग कापायचं म्हटलं, तर ते इतकं मजबूत बसवून घेतलेलं की त्यासाठी सोमवारी कारखान्यातून माणूस आणावा लागला असता. बाईंनी दुसरा ग्लास संपवला होता. त्यांनी पर्समधला खडू काढला आणि कपाटाच्या पाठीवर बरीच आकडेमोड करून मधोमध एक रेघ मारली. रेघ जराशी तिरकी होती.

"इथे," त्या म्हणाल्या.

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी डोळे मिटले आणि हात जोडले. "सासूबाई, तुम्हीच बघा आता," त्या म्हणाल्या.

काका वर जाऊन करवत घेऊन आले. वरून थोडं त्यांनी कापलं, मग करवत फटीतून खाली दिली, खालून जावयाने. "जावईबापू, तुम्ही राहू द्या," काका म्हणत होते आणि जावई कापत होता. मग आत्याने त्याला बाजूला केलं आणि स्वतः कापायला लागली. तिचे खांदे पोहणाऱ्या बाईचे होते. करवत गाऊ लागली. जुन्या लाकडाचा वास जिनाभर पसरला, आईच्या शालींचा, कापराचा, आणि कुणालाच नाव देता न आलेला आणखी कशाचा तरी. जीभराव ओंजळीत भुसा जमा करत होते. हे त्यांनी का केलं ते पुढेही कधी कळलं नाही.

शेवटची कड तुटली आणि खालचं अर्धं कपाट तीन पायऱ्या घसरून जावयाच्या अंगावर येऊन थांबलं. त्याने ते छातीवर झेललं आणि "काही नाही, काही नाही" म्हणाला. बाई मधून वाट काढत, रेलिंगला धरून, अतिशय काळजीपूर्वक खाली उतरल्या आणि केस कापायला गेल्या. परत आल्या तेव्हा ठरवल्यापेक्षा बरेच कमी राहिले होते, पण त्यांना ते फार आवडले.

पुढच्या अंकात जीभरावांचा लेख आला. त्यात ड्रॉवरवर दोन रकाने होते आणि बीअरवर दोन ओळी. तरी लाँड्रीसमोर रांग लागली. लोक "ती कपाटाची द्या" म्हणून मागायचे. काही जण आपापल्या वस्तू घेऊन येऊ लागले. एकाने आजोबांची पेटी आणली, एका बाईने नवऱ्याच्या ऑफिसची खुर्ची टेम्पोत घालून आणली आणि विचारलं, "याची होईल का?" बबडीने पेटी ठेवून घेतली. खुर्चीला नाही म्हणाली. यीस्ट मात्र तिला आत्याच्याच कपाटात वाढवावं लागलं, कारण दुसरीकडे कुठेही वाढवलं तरी बीअरला नुसती बीअरची चव यायची. त्यापायी आत्याच्या सगळ्या कोटांना आंबूस वास लागला आणि पोहायला येणाऱ्या मुलांच्या आया तलावाच्या कडेला उभ्या राहून कुजबुजू लागल्या. आत्या त्यांच्यासमोरून मुद्दाम दोनदा जायची.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी, ऊन अजून बाकी असताना, वरचं अर्धं काकूंच्या कपड्यांसाठी ठेवून जावयाने खालचं अर्धं कपाट भाड्याच्या टेम्पोत चढवलं आणि आत्या पुढे बसली. टेम्पो सुरू होणार एवढ्यात काका मागच्या बाजूने चढले. "उतरवायला माणूस लागेल," ते म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं.

आत्या राहत होती ते घर त्यांनी पाहिलंच नव्हतं. मधल्या काळात ती घर बदलून तिकडे गेली होती, एका बेकरीच्या वर, दोन खोल्यांत. अर्धं कपाट खिडकीखाली ठेवलं, तर ते बसायच्या बाकासारखं दिसायला लागलं. जावई टेम्पो परत करायला गेला. काका हात धुवायला म्हणून उठले आणि एक दार उघडलं. ते झाडू-बादलीचं निघालं.

"दुसरं!" आत्या स्वयंपाकघरातून ओरडली.

दुसरं उघडलं, तर तिथे तिचे पोहण्याचे कपडे वाळत होते. ते घाईने बंद करून काका उभे राहिले. शेवटी ते स्वयंपाकघरातच आले आणि तिथल्या नळाखाली हात धुतले. तिने त्यांना आपला पदर पुसायला दिला, कारण फडकं तिलाही सापडेना.

"चहा टाकतेस?" त्यांनी विचारलं.

"टाकते. तू बस बाहेर."

"मी टाकतो. चहा कुठे ठेवतेस?"

"तुला नाही सापडायचा. बस म्हटलं ना."

काका बसले नाहीत. फळीवर एका रांगेत बरेच डबे होते, एकसारखे, कशावरच काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पहिला उघडला. त्यात बटणं होती. दुसऱ्यात मीठ. आत्या ओट्याला टेकून, हाताची घडी घालून बघत राहिली. ती काही सांगत नव्हती. काकांनी दुसऱ्याचं झाकण नीट लावलं आणि तिसरा डबा हातात घेतला.